साडेबारा टक्के आणि वीस वर्षं

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात सकाळी साडेआठला गेलं की आधी बर्फ दिसतो, मग मासळी. पाटीच्या तळाशी बर्फाचा चुरा, त्यावर कोळंबी, एका कडेला बोंबील, आणि वरून पुन्हा मूठभर चुरा. विकणाऱ्या बाईचं अर्धं लक्ष गिऱ्हाइकाकडे आणि अर्धं पाटीखालून वाहणाऱ्या पाण्याकडे असतं. पाणी वाढलं की ती भाव उतरवते. मी ज्या मावशींकडून म्हावरं घेतो त्या याचं गणित एका ओळीत सांगतात : "बरफ सरला का भाव सरला."

एका रविवारी त्यांचा मुलगा मागे स्टुलावर बसून फोनवर शेअर बघत होता. आता भारतात बसून अमेरिकेच्या बाजारातले शेअर घेता येतात, रिझर्व्ह बँकेची त्याला वार्षिक मर्यादेत परवानगी आहे. त्याने फोन माझ्यापुढे धरला. "काका, ही कंपनी बघा. स्वतः काही बनवत नाही. ब्रॉडबँडच्या चिपांची तीन हजार पेटंटं आहेत तिच्याकडे. जगात जो मोडेम बनवेल त्याने हिला पैसे द्यायचे. बसल्या जागी रॉयल्टी. घेऊ का?" मी उत्तर देण्याआधी त्याने स्वतःच त्या धंद्याचा अर्थ लावला : "आपल्या साडेबारा टक्क्यांसारखंच झालं ना?"

ही तुलना नवी मुंबईच्या गावठाणातल्या माणसालाच सुचू शकते. ती जितकी अचूक आहे तितकीच एका जागी घातकही आहे. हे प्रकरण म्हणजे त्या मुलाला मी बाजारात उभ्या उभ्या देऊ शकलो नाही ते उत्तर आहे.

आधी साडेबारा टक्के म्हणजे काय ते सांगतो, कारण नवी मुंबईबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असेलच असं नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे जी योजना आली तिला इथे सगळे 'साडेबारा टक्के' एवढंच म्हणतात : जितकी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. पण भूखंड हातात येईपर्यंत वर्षानुवर्षं नुसता कागदच हातात असायचा. कुणाला मुलीचं लग्न होतं, कुणाला दवाखाना. अनेकांनी तो कागदच विकून टाकला. घेणाऱ्याला घाई नव्हती. तो थांबला, शहर उभं राहिलं, आणि कागदाचं सोनं झालं. या गावांतल्या प्रत्येक घराला विकलेल्या किंवा जपलेल्या कागदाची अशी एखादी गोष्ट आहे.

म्हणून भविष्यातल्या उत्पन्नावरचा कागदी हक्क, तो घेऊन थांबणारा माणूस आणि थांबण्याचं फळ, हे सगळं त्या मुलाला कुणी शिकवायला नको होतं. पेटंटाच्या कंपनीत पैसे घालणारा माणूसही तेच करत असतो. फरक एकच आहे. जमिनीचा कागद जुना झाला की वधारतो. पेटंटाचा कागद त्याच्या आईच्या पाटीतल्या बर्फासारखा आहे. पहिल्या दिवसापासून तो वितळत असतो.

पेटंट म्हणजे सरकारने शोधकाला दिलेला, दुसऱ्याला मना करण्याचा हक्क. 'माझी रीत माझ्या परवानगीशिवाय वापरू नका', एवढंच तो सांगतो. त्या बदल्यात शोधकाने आपली रीत सगळ्यांना कळेल अशी लिहून द्यायची असते. भारतात आणि आता बहुतेक देशांत ही मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून वीस वर्षं. मुदत अर्जापासून धावते, मंजुरीपासून नाही. मंजुरीला चार-पाच वर्षं लागली तर तेवढा बर्फ बाजारात पोचण्याआधीच गेलेला असतो. शिवाय ठरावीक काळाने फी भरून पेटंट जिवंत ठेवावं लागतं. फी चुकली तर ते आधीच विझतं. वीस वर्षं संपली की रीत सगळ्यांची.

रॉयल्टीही कोळीवाड्याला नवी नाही. नाव समुद्रावरून आली की विक्रीच्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात : नावेचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. नावेचा मालक त्या दिवशी घरी झोपला असला तरी नावेचा वाटा त्याला मिळतो. रॉयल्टी म्हणजे हा नावेचा वाटा. आणि कोळीवाड्यातली निम्मी भांडणं ज्या प्रश्नावरून होतात, म्हणजे वाटा एकूण विक्रीवर धरायचा की खर्च वजा जाता, त्याच प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या कंपन्या न्यायालयात वर्षानुवर्षं भांडत आहेत. त्याकडे पुढे येतो.

मग त्या मुलाने मला घरी नेलं. भिंतीवर फायबरचा राउटर, त्याला चार अँटेना. माळ्यावर जुन्या भांड्यांशेजारी धूळ खात पडलेला दुसरा डबा त्याने काढून दाखवला : टेलिफोनच्या तारेवर चालणारा जुना एडीएसएल मोडेम. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं होतं. मग एमटीएनएलने मुंबई-नवी मुंबईत 'ट्राय बँड' आणलं आणि असे डबे घरोघर आले. आम्ही दोन्हींचे स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी, तिच्यावर दाण्यांसारखे बारीक भाग, मधोमध करंगळीच्या नखाएवढी काळी चौकट. ती चिप. त्या दोन काळ्या चौकटींमध्ये जे चालतं त्यातल्या दोन मोठ्या कल्पनांचा माग काढत गेलं की माणूस पुण्याला येऊन पोचतो.

थॉमस कैलात यांचा जन्म १९३५ साली पुण्यात झाला. कुटुंब मूळचं केरळचं, पण शाळा पुण्याचं सेंट व्हिन्सेंट आणि पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, १९५६ सालची. तिथून ते अमेरिकेत एमआयटीला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि १९६३ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. गोंगाटातून कामाचा संदेश वेगळा काढायचं गणित हा त्यांचा विषय. त्यांच्या हाताखाली सुमारे ऐंशी जणांनी डॉक्टरेट केली. त्यातल्या जॉन चॉफी या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'अमाटी' नावाची छोटी कंपनी काढली. माळ्यावरच्या डब्याची गोष्ट तिथून सुरू होते.

टेलिफोनची तांब्याची तार बोलण्यासाठी घातलेली. माणसाच्या आवाजाला तिच्यातली चार किलोहर्ट्झची अरुंद पट्टी पुरते. त्यापलीकडे जागा भरपूर आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही : कुठे संदेश विरतो, कुठे शेजारच्या तारेचा गोंगाट, कुठे रेडिओ केंद्राची लुडबूड. दिवाळ्याच्या जेट्टीवरून खाडीत नाव घालणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खाडी रुंद दिसते, पण गाळ कुठे आणि खोल पाणी कुठे हे तांडेलाला ठाऊक असतं. तो भरलेली नाव खोल पाण्यातून नेतो, उथळावर घालत नाही. चॉफींच्या पद्धतीने तारेतली ती जागा २५६ बारीक पट्ट्यांत विभागली, प्रत्येक पट्टी सुमारे ४.३ किलोहर्ट्झ रुंद. मोडेम आधी प्रत्येक पट्टीचं 'पाणी' मोजतो. स्वच्छ पट्टीवर जास्त माहिती लादतो, गढूळ पट्टीवर कमी, फारच वाईट असेल तर रिकामी सोडतो. जुना डबा सुरू केल्यावर दिवा बराच वेळ लुकलुकायचा तेव्हा नेमकं हेच मोजमाप चाललेलं असायचं.

पट्ट्या पाडण्याची मूळ कल्पना चॉफींची नव्हती. बेल लॅब्जमधल्या संशोधकांनी १९७१ च्या सुमारास तिचं गणित मांडलं होतं. अमाटीचं श्रेय हे की टेलिफोनच्या खऱ्याखुऱ्या तारेवर, परवडेल अशा यंत्रात, ते चालवून दाखवायच्या रीती तिने बसवल्या. पेटंट असतं ते अशा रीतींवर. 'ब्रॉडबँडचं पेटंट' असं कुणी म्हणालं की मी सावध होतो, कारण तसं एक पेटंट अस्तित्वातच नसतं. असतात त्या शेकडो बारीक रीती, आणि प्रत्येकीची हद्द पेटंटाच्या शेवटी क्रमांक टाकून लिहिलेल्या दाव्यांनी आखलेली असते, सातबाऱ्यावर चतुःसीमा आखावी तशी. शोधाचं नाव कितीही भारदस्त असो, हक्क चतुःसीमेपुरताच.

१९९३ मध्ये अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या बेलकोर या संशोधन संस्थेने प्रतिस्पर्धी पद्धतींची चाचणी घेतली. तिच्यात अमाटीची पद्धत स्पष्टपणे सरस ठरली आणि पुढे तीच प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. आता एडीएसएलची चिप बनवणाऱ्या प्रत्येकाला त्याच वाटेने जावं लागणार होतं. शेअर बाजारातल्या लोकांना वास लागला. अमाटी एका जुन्या नोंदणीकृत कंपनीत विलीन होऊन बाजारात आली होती. तोट्यात होती, पण तिच्या विक्रीकडे कुणी बघतच नव्हतं. हिशोब एकच : जगात इतक्या कोटी टेलिफोन तारा, प्रत्येक तारेला एक मोडेम, प्रत्येक मोडेममागे इतके डॉलर. १९९७ च्या शरद ऋतूत वेस्टेल कंपनीने अमाटीला शेअरांच्या बदल्यात विकत घ्यायचं ठरवलं, पण नोव्हेंबरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने शेअरमागे २० डॉलर रोख देऊ केले. एकूण सुमारे ३९.५ कोटी डॉलर. अमाटी तिच्याकडे गेली.

अमाटीच्या शेअरधारकांना पैसे मिळाले ते प्रत्येक मोडेममागच्या रॉयल्टीतून नाही. एका चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला ती पेटंटं, आणि त्याहून अधिक ती रीत हातात असलेले अभियंते, स्वतःच्या कारखान्यासाठी हवे होते म्हणून मिळाले. दिवाळ्याच्या माळ्यावर हा डबा यायला अजून सात-आठ वर्षं होती. ज्या कोट्यवधी तारांचा हिशोब कागदावर झाला त्यातल्या बऱ्याच तारांवर मोडेम बसले तेव्हा सुरुवातीच्या पेटंटांचं निम्म्याहून अधिक आयुष्य उलटलं होतं.

दुसरी कल्पना भिंतीवरच्या चार अँटेनांची, आणि तिचा माणूस महाराष्ट्रातूनच घडून गेलेला. आरोग्यस्वामी पॉलराज मूळचे तमिळनाडूचे, पण खडकवासल्याच्या एनडीएत आणि मग लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले नौदल अधिकारी. पाणबुड्या हुडकणारी 'अप्सोह' ही भारताची सोनार यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९८३ मध्ये नौदलात दाखल झाली. समुद्राखाली आवाज तळावर, लाटांवर आपटून हजार वाटांनी परत येतो. त्या गोंधळातून दिशा ओळखायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १९९१ मध्ये ते नौदलातून निवृत्त होऊन स्टॅनफर्डला, कैलातांच्याच गटात गेले.

रेडिओ लहरीही अशाच भिंतींवर आपटत, वेगवेगळ्या वाटांनी पोचतात. तोवर अभियंते याला पीडा मानायचे. पॉलराज यांनी तिचा उपयोग करायचं ठरवलं. समजा जेट्टीच्या दोन टोकांना उभे राहून दोघे जण एकाच वेळी वेगवेगळी हाक मारत आहेत, आणि पारसिकच्या डोंगरावर आपटून त्यांचे पडसाद वेगवेगळ्या वाटांनी येत आहेत. एकाच कानाने ऐकलं तर गलका. पण दोन जागी दोन कान असतील, तर दोन्हीकडे मिसळण काहीशी वेगळी पडते, आणि त्या फरकावरून दोन्ही हाका गणिताने सुट्या करता येतात. म्हणजे तेवढ्याच लहरींत दुप्पट माहिती. अँटेना वाढवा, वाटा वाढतील. या रीतीला आज 'मायमो' म्हणतात. चौथ्या-पाचव्या पिढीचा मोबाइल आणि घरचं वाय-फाय तिच्याशिवाय उभंच राहू शकत नाही. पॉलराज आणि कैलात यांच्या नावाचा पेटंटाचा अर्ज फेब्रुवारी १९९२ मध्ये दाखल झाला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकेने पेटंट दिलं. क्रमांक ५३,४५,५९९. हक्क स्टॅनफर्ड विद्यापीठाचा.

मी गुंतवणूक करणाऱ्याला नेहमी हे एकच पेटंट वाचायला सांगतो. कल्पना शंभर टक्के बरोबर. शोधक जगातले अव्वल. पुढे सगळ्या जगाने ती वापरली. पदरात काय पडलं ते पाहण्यासाठी मात्र तारखा पाहायला हव्यात. १९९२ मध्ये बहुतेकांना ही कल्पना चालेल असंच वाटत नव्हतं. १९९८ मध्ये पॉलराज यांनी आयोस्पॅन ही कंपनी काढली. तिचं तंत्रज्ञान २००३ मध्ये इंटेलकडे गेलं. वाय-फायच्या प्रमाणात मायमो अधिकृतपणे आलं ते २००९ मध्ये. चौथ्या पिढीची पहिली व्यावसायिक सेवा स्टॉकहोम आणि ऑस्लोत डिसेंबर २००९ मध्ये सुरू झाली. अर्जापासून सतरा वर्षं. खोल समुद्रातून सर्वांत मोठी घोळ घेऊन यावं आणि बाजार उघडेपर्यंत पाटीत फक्त पाणी उरावं, तसं हे आहे. पॉलराज यांनी हे ओळखलं होतं असं मला वाटतं, कारण पेटंट घेऊन ते बसून राहिले नाहीत. २००३ मध्ये त्यांनी बीसीम ही चिपा बनवणारी कंपनी उभी केली आणि २०१० मध्ये ब्रॉडकॉमने ती सुमारे ३१.६ कोटी डॉलरना घेतली. पैसा चालत्या चिपेला मिळाला.

आता वाट्याचं भांडण. राउटर किंवा फोन बनवणारा रॉयल्टी कशावर देणार, नखाएवढ्या चिपेच्या किमतीवर की पूर्ण फोनच्या? भारतात हा प्रश्न दूरसंचार उपकरणं बनवणाऱ्या एरिक्सनने मार्च २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फोन विकणाऱ्या मायक्रोमॅक्सवर दावा केला तेव्हा गाजला. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याच वर्षी आपल्या आदेशात यातली विसंगती अगदी साध्या हिशोबाने दाखवली : तीच चिप शंभर रुपयांच्या फोनात बसली तर रॉयल्टी सव्वा रुपया, आणि हजाराच्या फोनात बसली तर साडेबारा रुपये. साडेबाराचा आकडा इथे योगायोगाने आला, पण दिवाळ्याच्या मुलाला तो सांगितला तेव्हा तो पटकन म्हणाला, "म्हणजे डिझेल न कापता वाटा." बरोबर. न्यायालयांनी मात्र फोनच्या निव्वळ विक्री किमतीवरच टक्केवारी धरली. मुंबईच्या आयबॉलवर २०१५ मध्ये आयात रोखणारा अंतरिम आदेश झाला, पुढे परवाना घेऊन तो वाद मिटला. लावा कंपनीशी चाललेल्या खटल्याचा निकाल मार्च २०२४ मध्ये लागला तेव्हा न्यायालयाने विक्री किमतीच्या १.०५ टक्के दर धरून लावाला २४४ कोटी रुपये भरायला सांगितलं. त्याच निकालात एरिक्सनचं एक पेटंट अवैधही ठरलं.

या निकालातला काळ पाहा. दावा २०१५ चा, निकाल २०२४ चा. एरिक्सन हा लढा नऊ वर्षं चालवू शकते, कारण तिचं पोट उपकरणं विकून भरतं. ज्या छोट्या कंपनीकडे फक्त पेटंटं आहेत तिच्यासाठी नऊ वर्षं म्हणजे जवळपास अर्धं आयुष्य. तेवढ्या काळात वकिलांची फी भरायला ती पुन्हा पुन्हा नवे शेअर काढते आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होत जातो. शेअर घेणाऱ्यांतले बहुतेक लोक दाव्याची रक्कम बघतात आणि ही गळती बघत नाहीत. मला यातलं सर्वांत दुःखद हेच वाटतं.

अशा एका कंपनीची गोष्ट सांगतो, ती न्यायालयाच्या नोंदींतच आहे. फ्लोरिडातल्या पार्करव्हिजनने रेडिओ लहरी थेट चिपेत उतरवून घेण्याच्या आपल्या रीतीसाठी क्वालकॉमवर दावा केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला, १७ कोटी २७ लाख डॉलर. आठ महिन्यांनी, जून २०१४ मध्ये, त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनी तो कौल फिरवला, आणि शेअर एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळला. त्या दिवशी कंपनीच्या प्रयोगशाळेत काहीच बदललं नव्हतं. रीत तीच, माणसं तीच. चतुःसीमा ओलांडली का, याचा निर्णय एका माणसाने वेगळा दिला, एवढंच घडलं.

खऱ्या, भक्कम कंपन्याही सट्ट्यातून सुटत नाहीत. क्वालकॉम चिपा विकते आणि परवान्यांची रॉयल्टीही घेते. १९९९ या एका वर्षात तिचा शेअर पंचवीस पटींहून अधिक वर गेला. कंपनीला पुढे रॉयल्टी मिळाली, भरपूर मिळाली, अंदाज खरा ठरला. तरीही २००० च्या सुरुवातीला शिखरावर शेअर घेणाऱ्याला ती किंमत परत दिसायला दशकाहून अधिक काळ थांबावं लागलं. अंदाज बरोबर येणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवाळं निघालेल्या कंपनीच्या कागदांनाही कधी भाव येतो. कॅनडाच्या नॉर्टेलने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २०११ च्या लिलावात तिची सुमारे सहा हजार पेटंटं ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एरिक्सन वगैरेंच्या गटाने साडेचार अब्ज डॉलरना घेतली. ती बातमी येताच सगळा बाजार पेटंटं असलेल्या कंपन्यांच्या मागे लागला. इंटरडिजिटल या मोबाइल पेटंटांच्या कंपनीने स्वतःला विक्रीला काढण्याचा विचार जाहीर केला, शेअर उसळला. सहा महिन्यांनी, जानेवारी २०१२ मध्ये, विक्रीचा विचार बंद झाला आणि शेअर आपटला. त्याच वर्षी तिने सुमारे १,७०० पेटंटं इंटेलला ३७.५ कोटी डॉलरना विकली, म्हणजे पेटंटामागे सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास. नॉर्टेलच्या लिलावात तोच हिशोब साडेसात लाखांचा होता. मासळी तीच, पण लिलावाच्या दिवशी किनाऱ्यावर किती व्यापारी उभे आहेत यावर भाव ठरला.

म्हणून तीन हजार या आकड्याने मी त्या मुलाला हुरळू दिलं नाही. मोबाइलच्या प्रमाणासाठी अत्यावश्यक म्हणून पेटंटं जाहीर करायची जागा युरोपातल्या एट्सी या संस्थेकडे आहे, आणि तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते. ते खरंच अत्यावश्यक आहे का याची तपासणी संस्था करत नाही. जाहीर करण्याबरोबर बंधनही येतं. अशा पेटंटाचा परवाना रास्त, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर द्यावा लागतो. म्हणजे मनमानी भाव लावायची सोय जाते. भारतानेही सहाव्या पिढीच्या पेटंटांत दहा टक्के वाट्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे, आणि दिवाळ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने घणसोलीला गेलं तर रिलायन्सच्या आवारात जिओची माणसं दूरसंचारावरच काम करत असतात. त्या उद्दिष्टाचा मला आनंद आहे. पण उद्या कुणी त्या आकड्यावर शेअर विकायला आलं तर विचारावं की त्यातली किती पेटंटं रोज विकल्या जाणाऱ्या चिपेत बसली आहेत, आणि किती वर्षं उरली आहेत.

हे विचारायला वकील लागत नाही. मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे, पण तिथवर जाण्याचीही गरज नाही. भारतीय पेटंटांची नोंद पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते, अमेरिकेचीही. आम्ही त्याच्या ओट्यावर बसून त्या कंपनीची वीस पेटंटं उघडली. मी त्याला फक्त अर्जाची तारीख वाचायला सांगितली आणि त्यात वीस मिळवायला. अकराव्या पेटंटाला तो थांबला. अकरांपैकी सात संपलेली होती, दोन पुढच्या वर्षी संपणार होती. मग आम्ही कंपनीचा नफा-तोट्याचा हिशोब बघितला. मागच्या एका तिमाहीतलं मोठं उत्पन्न जुन्या खटल्याच्या तडजोडीचं होतं, एकदाच येणारं. त्याच्या फोनवरच्या ॲपने त्या तिमाहीला चारने गुणून वर्षाचा अंदाज दाखवला होता.

त्याने शेअर घेतला नाही. पण माझ्या मते त्याने विषय सोडूही नये. बेलापूरच्या कंपन्यांत कोडिंग करणारी, ऐरोली-घणसोलीत दूरसंचारात काम करणारी मुलं या गावांतून आता निघत आहेत. पेटंट वाचायला शिकलेला माणूस एक दिवस पेटंट लिहूही शकतो, आणि कैलात पुण्याच्या ज्या महाविद्यालयातून गेले ते दिवाळ्यापासून काही तासांवरच आहे.

निघताना आम्ही राउटरचे स्क्रू परत बसवले. चारही अँटेना उभ्या केल्या, हिरवा दिवा लागला. पॉलराज आणि कैलात यांच्या पेटंटाची मुदत फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली. जिओची सेवा भारतात सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला.